जुलैतला साप

डडली पॅस्कोचा फोन आला तेव्हा ग्लेनिस ट्रेविन ओट्याशी उभी राहून कुत्र्यांसाठी म्हाताऱ्या मेंढीचं मांस कापत होती. हात बरबटलेले होते म्हणून तिने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला.

"मिसेस ट्रेविन, तुम्ही हसाल," डडली म्हणाला. "पण ते पिल्लू दारू प्यायल्यासारखं चालतंय."

ग्लेनिस हसली नाही. तिने सुरी खाली ठेवली.

"डोकं हलतं?"

"खायला वाकलं की हलतं. थाळीवर नेम धरतं आणि तोंड बाजूला आपटतं. बाकी मजेत आहे हो. शेपूट तर थांबतच नाही. मला वाटलं कानात गोचीड गेली असेल."

"कानात काही नाही," ती म्हणाली. "मी येते."

डडलीचं घर साठ किलोमीटरवर, बुरा गावाच्या पलीकडे. गाडी चालवताना ती स्वतःला सांगत होती, कानातच असेल काहीतरी. पण कानात काही गेलं की कुत्रं एका बाजूला कलतं, थाळीवर नेम धरत नाही, हे चव्वेचाळीस वर्षं कुत्र्यांत काढलेल्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

या चव्वेचाळीस वर्षांची सुरुवात अशी झाली की बाविसाव्या वर्षी ॲडलेडच्या एका औषध दुकानदाराची ही मुलगी क्लिफ ट्रेविनशी लग्न करून मेंढ्यांच्या रानात आली. माहेरी तिने पाळलं होतं ते एक पिवळं पाखरू. इथे आल्याबरोबर सासऱ्याने, हॉरीने, तिला बादली दाखवली. कुत्र्यांना खायला घालणं हे सुनेचं काम होतं. काम शिकवणं पुरुषांचं. हॉरी शिकवायचा तो काळ्या प्लास्टिकच्या पाइपाचा हातभर तुकडा घेऊन आणि शिव्या देऊन. त्याची कुत्री कामाला वाईट नव्हती. पण त्यांचं निम्मं लक्ष मेंढ्यांवर आणि निम्मं पाइपावर असायचं, हे बादली घेऊन रोज त्यांच्यासमोर वाकणाऱ्या ग्लेनिसला दिसायचं, आणि हॉरीला दिसायचं नाही.

जिप नावाची एक तरुण कुत्री पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसली ती बाहेर येईना. हॉरी म्हणाला, ही वाया गेली, उद्या बंदूक काढतो. ग्लेनिसने ती मागून घेतली. तिच्याकडे कपडे धुण्याच्या खोलीमागे सहा बदकं होती. बायकांची बदकं, त्यांच्याकडे कोण बघतो. जिपला तिने त्या बदकांवर सोडलं. सुरुवातीला ॲप्रनच्या खिशात उकडलेल्या काळजाचे तुकडे ठेवले, पण समोर बदकं चालायला लागली की जिप काळजाकडे ढुंकून बघायची नाही. दोन दिवसांनी ग्लेनिसच्या लक्षात आलं की हिला द्यायचं बक्षीस खिशात नाहीच. हिला हवी आहेत ती बदकं. मग ती एवढंच करू लागली. जिप झेपावली की ग्लेनिस मध्ये उभी राहायची, बदकं खुराड्यात जायची, खेळ संपायचा. जिप थबकून पोटावर बसली की "जा," म्हणायची, आणि जिपला बदकं मिळायची. ओरडणं नाही, मारणं नाही. तीन आठवड्यांत कुत्री कुजबुजीवर बसू लागली.

"बदकांचं नाटक झालं असेल तर मेंढ्या काढू का?" हॉरीने विचारलं. जिपने फाटकापाशी तीनशे मेंढ्या अडवून धरल्या, एकही पाय पुढे न टाकता. हॉरीने ते पाहिलं. घरी येऊन चहा घेतला आणि म्हणाला, "आज मटण जरा कमी शिजलंय."

कौतुकाचं एवढंच. शेजारपाजारच्या लोकांना मात्र पुढची दहा वर्षं विषय मिळाला. ग्लेनिसच्या कुत्र्यांना आधी 'कृपया' म्हणावं लागतं. ग्लेनिसच्या मेंढ्या चालता चालता आभार मानतात. हेच लोक पुढे मान खाली घालून पिल्लू मागायला येऊ लागले. ती सगळ्यांना देत नसे. कुत्री दोन वर्षांची झाल्याशिवाय लावायची नाही, दोन वेतांमध्ये एक वर्ष मोकळं, चार वेतांनंतर बंद. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचं नाही. एका माणसाच्या गाडीत मागे पाइपाचा तुकडा पडलेला दिसला, तर तिने त्याला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं.

जोड्या मात्र क्लिफ जुळवायचा. कुठल्या कुत्रीला कुठला कुत्रा, हे त्याच्या डोक्यात असे. वाढवायचं काम तिचं. सहा वर्षांपूर्वी क्लिफ गेला तेव्हापासून दोन्ही कामं तीच करत होती, पण जोड्या त्याच्याच पद्धतीने. यंदा तिची सगळ्यात गुणी कुत्री फर्न तिने दिराच्या, मर्वच्या, ब्रँडी नावाच्या कुत्र्याला लावली होती. दोघांच्याही पूर्वजांत क्लिफचाच एक जुना कुत्रा होता. सात पिल्लं झाली. डडलीचं त्यातलंच.

डडली दारातच उभा होता. चाळिशीचा, एकटा, मेंढ्या कातरून पाठीत वाकलेला. पिल्लाचं नाव त्याने टफी ठेवलं होतं. टफी तिला ओळखून धावत आलं, म्हणजे पुढचे पाय प्रत्येक वेळी हवेत नको इतके वर उचलत आणि धप्पकन टाकत आलं. तिच्या बुटापाशी पोचलं, बसायचं ठरवलं आणि बाजूला कलंडलं. मग पुन्हा उठून बसलं आणि काहीतरी मिळेल म्हणून वर बघत राहिलं. मान बारीक कापत होती.

"बसायला मी शिकवलं," डडली म्हणाला. "तुमच्यासारखं. चार दिवसांत शिकलं."

"हुशार आहे," ती म्हणाली. खिशातला काळजाचा तुकडा तिने तळहातावर धरला. टफीने तीन वेळा नेम चुकवला. चौथ्यांदा तिने हात त्याच्या तोंडाशी नेला.

गावातली जनावरांची डॉक्टर हेदर हिने पिल्लाच्या गालात आतून फिरवलेला कापूस तपासायला प्रयोगशाळेला पाठवला, फर्नचाही पाठवला. निकाल यायला दोन आठवडे लागले. निकाल हेदरने फोनवर सांगितला नाही, बोलावून घेतलं.

"मेंदूचा तोल सांभाळणारा भाग सुकत जातो," ती म्हणाली. "आपल्या या केल्पी जातीच्या कुत्र्यांत आहे हे. आई आणि बाप दोघांकडूनही दोष आला तरच पिल्लू असं होतं. एकाकडूनच आला तर कुत्रा ठणठणीत असतो. आयुष्यभर काम करतो आणि दोष पुढे देत राहतो. बाहेरून काही कळत नाही. चाचणी निघाली तीही आत्ता आत्ता."

"म्हणजे फर्न..."

"फर्नमध्ये आहे. बापातही असणारच." हेदरने पेन हातात घेतलं. "तुमच्याकडे याआधी असं पिल्लू कधी झालं होतं?"

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "कधीच नाही."

हे तिने खरं समजून सांगितलं होतं.

घरी येऊन तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून कॅलेंडरांची चळत काढली. लोकर विकणारी कंपनी दर वर्षी फुकट द्यायची ती कॅलेंडरं. कुठली कुत्री कधी व्यायली, किती पिल्लं, कुठलं कुणाकडे गेलं, सगळं त्यांच्यावर तिच्याच अक्षरात होतं. तिला हवी होती नावं. ज्या ज्या घरी या रक्ताचं पिल्लू गेलं त्या प्रत्येक घरी कळवायला हवं होतं, एवढं तिला हेदरच्या टेबलापाशीच कळलं होतं. जेवणाच्या टेबलावर वही उघडून ती नावं उतरवत बसली. चहा गार झाला.

चौऱ्याऐंशी साली जिल नावाची एक कुत्री होती; त्या सालच्या एका चौकोनात लिहिलं होतं: 'जिलचं बारकं पिल्लू. साप.' तिने पुढचं पान उलटलं आणि मग परत मागे आली. महिना जुलै होता.

जुलै म्हणजे इथे ऐन थंडी. पहाटे कुत्र्यांच्या पाण्यावर बर्फाची साय असते. तपकिरी साप तेव्हा जमिनीखाली निजलेला असतो, सप्टेंबर उजाडेपर्यंत वर येत नाही. हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

एक्क्याण्णव, ऑगस्टचा पहिला आठवडा: साप. अठ्ठ्याण्णव, जून: साप. दोन हजार चार, जुलै: साप, आणि त्याच वेतातलं आणखी एक, तेही साप. पाच पिल्लं. पाचही दोन ते तीन महिन्यांची. क्लिफ सकाळी बाहेरून यायचा, बेसिनपाशी हात धुवायचा आणि तिच्याकडे पाठ ठेवूनच सांगायचा, "एक गेलं, ग्लेन. सापाने." ती वाईट वाटून घ्यायची, पेन्सिल घ्यायची आणि लिहायची. स्वतःच्या हाताने, जुलैच्या चौकोनात.

अक्षर स्वच्छ होतं. कुठेही हात अडखळलेला दिसत नव्हता.

मर्वचं घर चार किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा तो कुंपणाची तार ओढत होता. ब्रँडी गाडीच्या सावलीत पडला होता. आजूबाजूच्या पन्नास-साठ शेतांवर त्याची पिल्लं होती.

"तुझ्या ब्रँडीत दोष आहे, मर्व," ती म्हणाली. डडलीच्या पिल्लाचं सगळं तिने सांगितलं.

"कोण म्हणतं? ती कापूसवाली?"

"पिल्लू म्हणतं. आईबापात दोघांतही असल्याशिवाय तसं होत नाही."

"फर्न रात्री कुठे गेली असेल तुला काय ठाऊक."

"फर्न माझ्या धुण्याच्या खोलीत कोंडलेली होती आणि किल्ली माझ्या ॲप्रनमध्ये होती. तिच्या चारित्र्यावर घसरू नकोस."

मर्वला हसू आलं असतं, पण त्याने ते येऊ दिलं नाही. पक्कड खाली ठेवून तो म्हणाला, "बरं मग. गोळी घाल त्या पिल्लाला. डडलीला दुसरं दे. दहा-पाच वेतांत एखादं निघतंच वाकडं. त्यात एवढं काय?"

"क्लिफने किती मारली?"

मर्वने पक्कड पुन्हा उचलली.

"मला पाच सापडली," ती म्हणाली. "जुलैत साप, मर्व. माझ्याच अक्षरात."

"एका बदकाला घारीने नेलं तर तू दोन दिवस जेवली नव्हतीस," मर्व म्हणाला. "मीच त्याला सांगितलं, साप सांग म्हणून. थंडीचा विचार आमच्या डोक्यात आला नाही. तुझ्या आला असेल. तू विचारलं असतंस तर त्याने सांगितलं असतं, ग्लेन. तुला विचारायचं नव्हतं."

ग्लेनिसने वाकून गाडीच्या सावलीतल्या ब्रँडीच्या डोक्यावर हात ठेवला.

"सगळेच करायचे," तो जरा मऊ आवाजात म्हणाला. "बाबा करायचे. वाकडं पिल्लू कुणाच्या गळ्यात मारायचं नाही. प्रामाणिकपणाच होता तो एक."

"वाकडं नाही दिलं. त्याची धडधाकट भावंडं दिली. शेडमागे एक पुरायचं, आणि सहा घरांत सहा पाठवायची. नाव घेऊन, हात मिळवून. त्या सहांतली चार तरी दोष घेऊनच गेली. आणि ते कळायची एकच खूण होती, ती आपण पुरून टाकली."

"मग आता काय करणार?"

"फोन. सगळ्यांना."

मर्वने हातमोजे काढले. "क्लिफचं नाव या भागात अजून लोक टोपी काढून घेतात. तो नाही स्वतःची बाजू सांगायला. आणि माझ्या कुत्र्याचं नाव घेतलंस तर पुन्हा या फाटकातून येऊ नकोस. मी हे रागाने म्हणत नाहीये."

"माहीत आहे," ती म्हणाली.

खरी गोष्ट ही, की परतताना ती अर्ध्या वाटेत गाडी थांबवून बसली. नाव क्लिफचं होतं तसं तिचंही होतं. ट्रेविनची कुत्री म्हणजे ग्लेनिसने वाढवलेली कुत्री. दुसरं तिने या जगात काही केलं नव्हतं. मूल झालं नाही. फर्नच्या पुढच्या वेतासाठी नऊ माणसं थांबलेली होती. गप्प बसली तर कुणाला कळणार नव्हतं. डडली भला माणूस होता, त्याने वाच्यता केली नसती. पुढच्या जुलैत एखाद्या घरात एखादा नवरा बेसिनपाशी हात धुईल आणि एखादी बायको पेन्सिल घेईल, एवढंच.

सोमवारी दुपारी बारा वाजता तिने पहिला फोन लावला. बारा वाजता, कारण त्या वेळी माणसं जेवायला घरात येतात. यादीत एकशे दोन नावं होती. त्यातली काही माणसं वारली होती, काहींनी जमिनी सोडल्या होत्या. प्रत्येकाला ती तेच सांगायची: मी ग्लेनिस ट्रेविन. तुम्ही आमच्याकडून कुत्रं नेलं होतं. त्याच्या रक्तात एक दोष असू शकतो. आमच्याकडे तो खूप वर्षं होता आणि आम्ही लपवला. कुत्रं कामाला चांगलं आहे, त्याला काही होणार नाही. पण तपासल्याशिवाय त्याची पिल्लं घेऊ नका, आणि घेतली असतील तर त्यांनाही कळवा.

'आम्ही लपवला' हे शब्द पहिल्या फोनला नव्हते. तिसऱ्या फोनपासून आले.

"तेरा वर्षांचा झालाय तो," एक म्हातारा म्हणाला. "दात पडलेत. पिल्लांचं कसलं घेऊन बसलीस. मजेत आहेस ना?"

"पाच वेतं घेतली मी त्या कुत्रीची," दुसरा म्हणाला. "तीस पिल्लं. आता मी तीस घरी फोन करत बसू?"

"हो."

त्याने फोन आपटला. संध्याकाळी त्याच्या बायकोने फोन करून हेदरचा नंबर मागितला.

पीटरबरोच्या बाजूच्या आयव्ही नावाच्या एका विधवेने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आमच्याकडे टाकीत पडलं म्हणायचे," आयव्ही म्हणाली.

"काय?"

"पिल्लू. दोन वेळा. मी म्हणायची, अहो, टाकीला झाकण आहे. ते म्हणायचे, उघडं राहिलं असेल." तिने श्वास घेतला. "बरं झालं बाई, फोन केलास. मी इतकी वर्षं स्वतःलाच दोष देत होते, झाकण माझ्याकडून राहिलं म्हणून."

त्या दिवशी ग्लेनिसने पुढचा फोन लावला नाही. बाहेर जाऊन कुत्र्यांची घरं धुतली, जी सकाळीच धुतलेली होती.

फर्नसाठी थांबलेल्या नऊही माणसांना तिने नाही सांगितलं. हेदरचं म्हणणं होतं की फर्नला वेतातून काढून टाकायची गरज नाही. तपासलेल्या, निर्दोष कुत्र्याशी लावली तर एकही पिल्लू आजारी होणार नाही. निम्म्यांत दोष असेल, ती फक्त कामाला द्यायची, पुढे वेत घ्यायचं नाही. ग्लेनिसने ऐकून घेतलं. असा कुत्रा व्हिक्टोरिया राज्यात एकाकडे होता, आठशे किलोमीटरवर. पुढच्या शरदात बघू, ती म्हणाली. आधी फोन संपू देत.

टफी चौदा आठवड्यांचं झालं तेव्हा त्याला उभं राहता येईना. डडलीने थाळी भिंतीला टेकवून बघितली, हाताने भरवून बघितलं. एका शुक्रवारी सकाळी त्याने फोन केला आणि म्हणाला, "मला बंदूक चालवता येते, मिसेस ट्रेविन. पण त्याला हाक मारली की ते अजून बसायचा प्रयत्न करतं."

"हेदरकडे आण," ती म्हणाली. "मीही येते."

घोंगडीत गुंडाळून त्याने पिल्लू आणलं. टेबलावर ठेवलं तसं ग्लेनिसने एक हात त्याच्या छातीखाली घातला, म्हणजे त्याला तोल सांभाळावा लागणार नाही. मग दुसऱ्या हाताने काळजाचा एकेक तुकडा थेट तोंडात दिला. हेदरने सुई लावली तेव्हा टफी तुकडा चावत होतं. चावणं थांबलं. तोंडातला तुकडा डडलीने बोटाने काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून खिशात टाकला.

थोड्या वेळाने हेदर म्हणाली, "मेंदू विद्यापीठाला पाठवता येईल. त्यांना अशा नमुन्यांची गरज असते. मालकाची परवानगी लागते."

"घ्या," डडली म्हणाला आणि बाहेर गेला.

हेदरने अर्ज पुढे ओढला. जात, वय, लक्षणं भरली. आईच्या जागी फर्न लिहिलं. बापाच्या जागी पेन थांबलं. मर्व गेली वीस वर्षं आपली जनावरं तिच्याकडेच आणत होता.

"ही जागा रिकामी ठेवली तरी चालतं," हेदर म्हणाली.

"ब्रँडी," ग्लेनिस म्हणाली. "मालक मर्विन ट्रेविन."

"तो माझ्याकडे यायचा बंद होईल."

"माझ्याकडे बंद झालाय. लिही."

हेदरने लिहिलं. खाली एक ओळ होती: घराण्यात याआधीची प्रकरणं. तिथे ती न विचारताच 'नाही' लिहिणार होती, कारण तिला तसंच सांगितलेलं होतं. ग्लेनिसने तिच्या हातातून पेन घेतलं. पाच, असं लिहिलं, आणि पुढे चारही सालं. मग सही केली.

बाहेर डडली गाडीच्या मागच्या बाजूला उभा होता आणि घोंगडीची घडी घालत होता. त्याला ती एकट्याला जमत नव्हती, मोठी होती. ग्लेनिस गेली, दुसरी दोन टोकं धरली. दोघांनी ती झटकली, केस उडाले. मग ती त्याच्याकडे चालत गेली, टोकाला टोक लावलं, आणि उरलेली घडी त्याने छातीशी धरून घातली.

"किती फोन राहिले?" त्याने विचारलं.

"एकोणीस," ती म्हणाली.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. बाराच्या आत घरी पोचायचं म्हणून ती निघाली.